चुलीची जागा

मुलांनो, मराठी भाषेत चुलीने जेवढी जागा व्यापली आहे, तेवढी घरातील दुसऱ्या कोणत्याही वस्तूने क्वचितच व्यापली असेल. नवा संसार थाटला म्हणजे ‘चूल मांडली’ असे आपण म्हणतो. भाऊ विभक्त झाले की ‘चुली वेगळ्या झाल्या’. घरात अन्नाचा कण नसला की ‘आज चूल पेटली नाही’. एखादा आपले घरगुती दुःख सांगू लागला, तर ‘घरोघरी मातीच्या चुली’ असे म्हणून आपण त्याचे सांत्वन करतो. हा शब्द संस्कृतातील ‘चुल्ली’ या शब्दापासून आला. गृहस्थाच्या घरी नकळत जीवहिंसा होण्याची पाच स्थाने मनुस्मृतीत सांगितली आहेत. त्यांत चुल्ली पहिली आहे. जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा यांचा क्रम तिच्यामागून लागतो. आजच्या जनगणनेतही एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्या माणसांचेच एक कुटुंब धरतात. म्हणजे सरकारदेखील घरे मोजताना एका अर्थी चुलीच मोजते.

अशी ही चूल आता पुष्कळ घरांत नकोशी झाली आहे. चूल कशी घालावी, ती कोणत्या दिशेला असावी, तिची पूजा केव्हा करावी, हे सांगणारी माणसे गावोगाव भेटतात. ती काढावी कशी, हे मात्र कोणी सांगत नाही. पहारीचे दोन घाव घातले की काम झाले, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात हे काम वाटते त्याहून नाजूक आहे.

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे तालुके एकमेकांना लागून आहेत. काही अंतरापर्यंत भीमा नदी हीच त्यांची शीव आहे. शिरूर हे घोड नदीच्या काठचे गाव. म्हणून त्याला घोडनदी असेही म्हणतात. दौंड भीमेच्या काठी आहे. तेथून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला, तेव्हापासून ते रेल्वेचे मोठे जंक्शन म्हणून ओळखले जाते. या भागात पाऊस बेताचाच पडतो. त्यामुळे जुनी घरे बहुधा धाब्याची असत. भिंती दगडमातीच्या, वर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्यांची बांधणी. धूर बाहेर जावा व उजेड आत यावा म्हणून छताला एक भोक ठेवीत. त्याला साणे म्हणतात. पावसाची सर आली की साण्यावर घमेले पालथे घालावे लागे आणि मग सारा धूर घरातच कोंडून राही. जळणाला बाभळीच्या फांद्या, तुराट्या व गोवऱ्या. कालव्याखालच्या उसाच्या गावांत पाचट आणि चिपाडेही. पाचट भडकन पेटते, लगेच विझते, आणि मागे धूरच अधिक ठेवते.

चुलीची रचना मात्र मोठ्या बुद्धीची होती. पुढच्या तोंडातून लाकूड आत सारावयाचे, वर तवा ठेवावयाचा. मागच्या अंगाला जोडलेले दुसरे भोक म्हणजे वैल. तव्यावर भाकरी होत असताना तिकडे उरलेल्या धगीवर आमटी उकळत राही. भाकरी तव्यावरून उतरली की निखाऱ्यांपुढे उभी करून ती फुगवीत. चुलीच्या वर बियाण्याची कणसे टांगलेली असत. धुरामुळे त्यांना कीड लागत नसे. एका जळणात इतकी कामे उरकणारी ही वस्तू होती. तिला टाकाऊ म्हणून हसणे मला तरी शोभादायक वाटत नाही.

परंतु धुराचा हिशेब निराळा आहे, आणि तो घरातील स्त्रियांनी व लहान मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या डोळ्यांनी आणि छातीने चुकता केला आहे. १९८१ साली कर्क स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या भारतीय सहकाऱ्यांसह गुजरातेतील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर लहान यंत्रे लावून त्यांच्या श्वासातून जाणारा धूर मोजला. तोपर्यंत हवेचे प्रदूषण म्हणजे शहरातील कारखान्यांचा धूर, अशीच सर्वांची समजूत होती. खेड्यातील स्वयंपाकघर त्याहून वाईट असू शकते, हे या मोजणीने दाखविले. घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. फुप्फुसांचे विकार, हृदयाचे विकार, लहान मुलांचा न्यूमोनिया, ही त्यांची प्रमुख कारणे होत.

हा धूर कमी करण्याचे प्रयत्न आपल्या महाराष्ट्रात फार पूर्वी सुरू झाले. महात्मा गांधींनी १९३४ साली ग्रामोद्योग संघ स्थापन केला. त्याचे काम वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा पाहत. तेथे धुराडे असलेली मगन चूल तयार झाली. पुढे १९८३ पासून सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला आणि गावोगाव अशा चुली बसल्या. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, सुधारित चुलींबरोबरच उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची रीत शोधली; तिला २००२ साली आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. तरीही बसविलेल्या चुलींपैकी पुष्कळ लवकरच निकामी झाल्या. धुराडे काजळीने बुजे, ते साफ कोण करणार? शिवाय मातीच्या चुलीला गृहिणी वरचेवर पोतेरे फिरवते, चिरा लिंपते. लिंपता लिंपता चुलीचे माप बदलत जाते, आणि माप बदलले की शास्त्रज्ञाने बसविलेला हवेचा हिशेब चुकतो.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरांतही गॅसची शेगडी आली. आता चूल आपोआप जाईल, असे वाटणे स्वाभाविक होते. पण ती गेली नाही. चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर, पाहुणे आले तर गॅस आणि एरवी चूल, अशी वाटणी पडली. सिलिंडर पुन्हा भरून आणावयाचा तर रोख पैसे मोजावे लागतात. बाभळीची फांदी मात्र बांधावर फुकट मिळते. यात लोकांचा दोष फारसा नाही. तथापि छातीला ही वाटणी कळत नाही. दिवसातून एकदाच पेटलेली चूलही घर धुराने भरून टाकते.

एकाच खोलीत चूल आणि गॅस ठेवण्यात धुराहूनही तातडीचा एक धोका आहे, तो नीट समजून घ्या. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. नळीतून तो गळला तर धुरासारखा वर साण्याकडे जात नाही. पाण्यासारखा जमिनीवरून पसरतो आणि खोलगट जागी साचतो. चूल तर जमिनीलगतच असते, आणि तिच्या राखेखाली तासन्‌तास निखारे जिवंत राहतात. या वायूला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. परंतु धुराने भरलेल्या घरात तो वास लवकर ध्यानात येत नाही. म्हणून गॅस आणावयाचा असेल, तर त्या खोलीतील चूल काढलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चुली बुजविण्याची कारणे दर वेळी अशी थोर असतात असे नाही. इंग्लंडमध्ये १६६२ साली प्रत्येक चुलीवर वर्षाला दोन शिलिंग कर बसला. तेव्हा कित्येकांनी करापायी आपल्या चुली विटांनी बुजवून टाकल्या. कारकून घरात शिरून चुली मोजीत. लोकांना याची इतकी चीड आली की १६८९ साली तो कर रद्द करावा लागला.

भीमेच्या काठच्या एका गावात अशी चूल काढताना मी शेजारी उभा होतो. तीन खणांचे धाब्याचे घर, सत्तरी ओलांडलेल्या आजी, मुलगा, सून आणि सातवीत शिकणारा नातू, असे ते कुटुंब. घरात गॅस येऊन काही वर्षे झाली होती. पण आजींची भाकरी चुलीवरच होई. त्या हिवाळ्यात आजींचा दमा बळावला. धुराजवळ बसू नका, असे डॉक्टरांनी बजावले. मुलाने चूल काढण्याचा विषय काढला, तेव्हा आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग सुनेकडे वळून म्हणाल्या, “चूल काढा हवी तर. पण मी बसायचं कुठं, ते आधी सांग.”

या प्रश्नाला घरात कोणाकडेच उत्तर तयार नव्हते. पन्नासहून अधिक वर्षे त्या तेथेच बसत आल्या होत्या. कोणाला किती वाढावयाचे, कोण उपाशी निजला, कोणाचे कोणाशी बिनसले, हे सर्व त्यांना त्या जागेवरून दिसे. घरातील त्यांचा अधिकार त्या जागेशी बांधलेला होता.

“आत्याबाई, इथंच बसा की,” सून म्हणाली. “तुमचा पाट मी इथनं हलवणार नाही.”

आजींनी मान हलविली. पण चूल काढावयाची ती माझ्या देखत आणि मी सांगेन तशी, अशी अट घातली. ती अट फार शहाणपणाची होती, हे पुढे दिसून आले.

चूल दोन दिवस पेटवली नाही. पहिल्या दिवशी वरची राख थंड लागत होती. पण उलथण्याने खालची राख उकरताच आत निखारा लाल दिसला. दुसऱ्या दिवशी सर्व राख घमेल्यात काढून अंगणात पसरली आणि तिच्यावर पाणी शिंपडले. राख शेतात टाकावी, असे मुलगा म्हणाला. लाकडाच्या राखेत पालाश असते, हे खरे. पण राख क्षारयुक्तही असते. कालव्याच्या पाण्याने जेथे जमिनी चोपण झाल्या आहेत, तेथे ती टाकू नये. त्याच्या शेताचा एक तुकडा तसा होता. म्हणून राख भांडी घासण्यासाठी डब्यात भरून ठेवली.

मग चुलीमागची भिंत पाहिली. वर्षानुवर्षांच्या धगीने तेथील माती कोरडी, भुसभुशीत झाली होती आणि एक चीर वरपर्यंत गेली होती. पहारीचा घाव बसला असता, तर चुलीबरोबर भिंतीचाही पोपडा खाली आला असता. आजी म्हणाल्या, “पहार नको. पाणी घाला.” चुलीला हळदकुंकू लावून त्यांनी स्वतः तांब्याने तिच्या बाहेरच्या अंगावर पाणी सोडले. तासाभरात बाहेरची माती लोण्यासारखी मऊ झाली. सून ती हाताने काढीत गेली आणि नातू पाटीत भरीत गेला. लिंपणाचे एकावर एक थर सुटत होते. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे ते थर पाहून तो मोजू लागला. चाळीसनंतर त्याने नाद सोडला.

आतला भाग मात्र पाण्याला दाद देईना. तो विटेसारखा तांबडा आणि कठीण झाला होता. असे का होते? आपल्या मातीत लोहाचा अंश असतो. भरपूर हवेत माती तापली की त्या लोहाचा रंग तांबडा होतो. उष्णता सहाशे अंशांच्या आसपास गेली, की मातीच्या कणांत मुळापासून बांधलेले पाणीही निघून जाते. मग कितीही भिजविली तरी ती माती पुन्हा कालवता येत नाही. कुंभाराचे मडके पावसात विरघळत नाही, त्याचेही हेच कारण. बाहेरची मऊ माती तुळशीवृंदावन सारवण्यासाठी ठेवली, आणि आतले तांबडे तुकडे फोडून बाजूला ढीग केला.

या तांबड्या मातीचे मोल ठाऊक असलेली माणसे याच भागात येऊन गेली आहेत. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. ह. धी. सांकळिया, झ. द. अन्सारी आणि म. के. ढवळीकर हे त्या कामातील प्रमुख संशोधक होत. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळात तेथे शेतकऱ्यांची वस्ती होती. शंभरांहून अधिक घरांचे अवशेष सापडले. प्रारंभीची घरे चौकोनी आणि ऐसपैस, तर अखेरच्या काळातील बरीचशी लहान, गोल झोपड्यांची होती. भिंती केव्हाच मातीत मिळाल्या होत्या. पण चुली आणि अग्नीसाठी केलेले खड्डे ओळखू आले. भाजलेली तांबडी माती, राखेचा पांढुरका थर आणि कोळशाचे तुकडे, एवढ्यावरून येथे स्वयंपाक होत असे, हे तीन हजार वर्षांनंतर सांगता आले. जळालेले धान्य आणि कोळसा यांतील किरणोत्सारी कार्बन मोजून वस्तीचा काळही ठरविता येतो. ही पद्धत विलर्ड लिबी या शास्त्रज्ञाने १९४९ च्या सुमारास प्रचारात आणली. सातवीतल्या त्या मुलाला मी हे सांगितले, तेव्हा त्याने ढिगातला एक तुकडा उचलून खिशात घातला.

चूल निघाल्यावर जमिनीत वीतभर खोल खड्डा राहिला. तो तसाच ठेवून वर फरशी टाकण्याचा गवंड्याचा विचार होता. येथे आम्ही आग्रह धरला. खड्डा पोकळ राहिला तर फरशी खचते, हे एक. आणि गॅस गळला तर अशाच जागी साचतो, हे दुसरे. तळाची सैल राख पूर्ण काढली. तिच्यावर माती नीट बसत नाही. मग भाजलेल्या मातीचे तुकडे तळाशी घातले, वर मुरूम टाकला, पाणी शिंपडले आणि धुम्मसाने चोपले. एकदम सर्व भर न टाकता चार बोटांचा थर घालावा आणि चोपावा, पुन्हा थर घालावा आणि चोपावा. हे काम कंटाळवाणे आहे. पण घाई केली तर पहिल्याच पावसाळ्यात तेथे खोलगा पडतो. भिंतीची चीर माती व भुसा कालवून बुजवली.

भिंतींवरील काजळीने मात्र सर्वांना दमविले. सुनेने उत्साहाने चुन्याचा हात मारला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यातून पिवळट तपकिरी डाग वर आले. धुरात डांबरासारखा चिकट अंश असतो. तो चुन्याने झाकला जात नाही. आधी काजळी खरवडावी, सोड्याच्या पाण्याने पुसावे, भिंत वाळू द्यावी, मग चुना द्यावा. तेवढे करूनही साण्याजवळची एक तुळई अजून काळीच आहे. ती तशीच राहू द्यावी, असे मला वाटते. त्या तुळईविषयी आजींनी एक गोष्ट सांगितली, ती गवंड्यालाही सुचली नव्हती. धूर होता तोवर लाकडाला भुंगा लागत नव्हता. आता धूर नाही, तेव्हा दर उन्हाळ्यात तुळयांखाली भुसा पडतो का ते पाहत जा, असे त्यांनी मुलाला बजावले. साणे बुजवू नये, त्याला काचेचे झाकण आणि बाजूने हवेला वाट ठेवावी, हेही ठरले. गॅसच्या स्वयंपाकालासुद्धा वाफ आणि फोडणीचा धूर असतोच.

शेगडीसाठी भिंतीलगत ओटा बांधला. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी लागते आणि सिलिंडर उभाच ठेवावा लागतो. ओटा झाला, पण त्यातून नवीच अडचण उभी राहिली. जन्मभर बसून भाकरी थापलेल्या आजींना उभ्याने थापता येईना. गुडघे धरू लागले. दोन दिवस त्या स्वयंपाकघरात आल्याच नाहीत, आणि घरातील कोणाचे जेवणावर लक्ष लागले नाही. तेव्हा मुलाने सुताराकडून ओट्याच्या उंचीला जुळेल असे पाठीचे उंच स्टूल करून घेतले. त्यावर चढण्यासाठी पुढे एक पायरी ठेवली. पहिली भाकरी ज्योतीवर धरताना आजींनी ती थोडी करपविली. निखाऱ्याची धग चोहोंकडून सारखी लागते. ज्योत मधोमध लागते, म्हणून भाकरी फिरवीत राहावी लागते. तिसऱ्या भाकरीला त्यांचा हात बसला.

चूल होती तेथे आता पाट आहे. नव्या सारवणाचा रंग भोवतालच्या जमिनीपेक्षा थोडा उजळ दिसतो. दुपारी आजी तेथे बसून मेथी निवडतात, आणि नातू शाळेतून आला की आधी तेथेच दप्तर टाकतो.

अभ्यास

१. गॅस असलेल्या खोलीत चूल ठेवू नये, असे लेखकाला का वाटते? तुमच्या शब्दांत सांगा.
२. चुलीची बाहेरची माती पाण्याने विरघळली, पण आतली का विरघळली नाही?
३. “पण मी बसायचं कुठं, ते आधी सांग,” या आजींच्या बोलण्यामागील भावना स्पष्ट करा.
४. ‘चूल’ हा शब्द असलेले वाक्प्रचार व म्हणी घरातील वडील माणसांना विचारून लिहा.
५. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या घरातील जुनी चूल कोठे होती, ती केव्हा व का काढली, याची माहिती विचारून दहा ओळी लिहा.